दुष्काळाच्या चित्रात ऊस कुठे आहे?

अमेरिकेत डॅलसच्या कलासंग्रहालयात अलेक्झांडर होग यांचं १९३४ सालचं एक तैलचित्र आहे. पवनचक्की, कोरडाठाक हौद, बरगड्या मोजाव्यात अशी गाय, वाट पाहत बसलेलं गिधाड आणि घरापर्यंत चढत आलेली वाळू. माणूस एकही नाही. मराठवाड्यातल्या औसा किंवा लोह्याच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही; पवनचक्कीच्या जागी हातपंप ठेवला की झालं.

१९२९ च्या मंदीनंतर तिथे धान्याचे भाव कोसळले, पाठोपाठ अवर्षण आलं आणि शेतातली माती आभाळात उडाली. सरकारने १९३३ च्या डिसेंबरात चित्रकारांनाही कामावर घेतलं. काही महिन्यांत सुमारे ३,७०० कलावंतांना मजुरी मिळाली. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फुटली, सुकडी वाटली गेली, परदेशातून आलेली लाल मिलो लोकांनी नाक मुरडत खाल्ली. त्या दुष्काळाच्या आठवणी घरोघर आहेत, पण चित्र म्हणावं असं एकही चटकन डोळ्यांपुढे येत नाही.

होग नुसती कणव रंगवून थांबले नाहीत. १९३६ च्या चित्रात त्यांनी धूप झालेली जमीन उघड्या पडलेल्या स्त्रीदेहासारखी काढली आणि पुढ्यात नांगर ठेवला. माती धरून ठेवणारं गवत गव्हासाठी नांगरून टाकलं, पाऊस गेल्यावर मातीही गेली, हा त्यांचा आरोप. टेक्सासमधल्या काही मंडळींना तो झोंबला. झोंबणारच!

मराठीत असं बोट दाखवायचं धाडस त्याआधीच झालं होतं, तेही एका चित्रकाराकडून. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी त्यात व्ही. शांताराम यांनी केला होता.

लातूरची २०१६ ची पाणीटंचाई मात्र फोटोंतच राहिली. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. गाडीचे फोटो देशभर छापले गेले. शहराला पाणी पुरवणारं धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं, आणि त्याच मांजरेच्या काठाने वर्षानुवर्षं ऊस आणि साखर कारखाने वाढत आले होते. गाडीच्या फोटोत ते कुठून दिसणार?

आज कोणी हे चित्र काढायला बसलाच, तर त्याला ऊस टाळता येणार नाही. पण अडचण अशी, की ऊसवाल्याला सावकारासारखा खलनायक करता येत नाही. उसाला सरकारने बांधून दिलेला दर आहे, कारखान्याची टोळी फडात येऊन तोडून नेते. उसाऐवजी सोयाबीन घ्यावं, तर त्याचा हमीभाव जाहीर होतो खरा, पण उसनवारी फेडायची घाई असलेला शेतकरी पोतं घेऊन मोंढ्यात जातो आणि अडतीवर त्या दिवशी जो भाव निघेल तो घेऊन परततो.