चेंडूफेकी यंत्र आणि कुमार फलंदाज

अमरावती–नागपूर मार्गावरील तिवसा यासारख्या तालुक्याच्या गावी मुलांचे क्रिकेट शाळेच्या पटांगणावर अथवा पीक निघालेल्या वावरात चालते. तेथे गोलंदाज हवे तितके मिळतात. बोलिंग मशीन मात्र सहसा नसते. विदर्भाने २०१७–१८ मध्ये रणजी करंडक प्रथमच जिंकला आणि २०२३ मध्ये अमरावतीचा जितेश शर्मा भारतीय संघाकडून खेळला. अशा स्थितीत यंत्राच्या अभावी ग्रामीण कुमार खेळाडू मागे पडतो काय, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर यंत्र काय देते आणि काय देऊ शकत नाही, याच्या विवेचनावर अवलंबून आहे.

यंत्राने चेंडू फेकण्याची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निकोलस फेलिक्स या इंग्लिश फलंदाजाने ‘कॅटापल्टा’ नावाचे यंत्र प्रचारात आणले. बेसबॉलसाठी प्रिन्स्टन येथील गणिताचे अध्यापक चार्ल्स हिंटन यांनी १८९७ मध्ये चक्क बंदुकीच्या दारूवर चालणारे यंत्र सिद्ध केले. वेन आकृतीमुळे प्रसिद्ध असलेले तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनीही असे एक यंत्र बनविले होते. १९०९ मध्ये केंब्रिजला आलेल्या ऑस्ट्रेलियन संघातील एका नामांकित फलंदाजास त्या यंत्राने लागोपाठ चार वेळा त्रिफळाचीत केल्याचे सांगतात.

आजच्या प्रचलित यंत्रात विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन चाकांच्या फटीत चेंडू सारला जातो व चाकांच्या कडेचा वेग त्याला प्राप्त होतो. चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर असल्यास ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगासाठी त्याला मिनिटाला सुमारे १४३० फेरे घ्यावे लागतात. दोन्ही चाकांचे वेग भिन्न ठेवले की चेंडूस फिरकी मिळते. एकच चेंडू एकाच टप्प्यावर शंभर वेळा टाकता येणे, हे या यंत्राचे खरे सामर्थ्य होय.

फलंदाजाची अडचण वेळेची असते. दोन्ही टोकांच्या फलंदाजी-रेषांमधील १७.७ मीटर अंतर हा चेंडू सुमारे ०.६ सेकंदात तोडतो. पीटर मॅक्लिऑड यांच्या १९८७ मधील प्रयोगात असे आढळले की, टप्पा पडल्यावर अकस्मात वळलेल्या चेंडूस अनुसरून फटका बदलण्यास आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजांनाही सुमारे ०.२ सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत वरील चेंडू ६ मीटर पुढे येतो. सारांश, निर्णय बराच आधी घ्यावा लागतो. आणि त्यासाठी फलंदाज गोलंदाजाची धाव, खांदा, मनगट व चेंडू सुटण्याचा क्षण यांतून अंदाज बांधीत असतो.

यंत्राला खांदा नाही व मनगटही नाही. पिंडर, रेनशॉ व डेव्हिड्स यांनी २००९ मध्ये कुमार फलंदाजांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात समान वेगाच्या चेंडूंना तोंड देताना यंत्रासमोर मुलांच्या हालचाली उशिरा सुरू झाल्या, पुढे टाकलेले पाऊल आखूड पडले आणि बॅटही कमी उंच उचलली गेली. म्हणजे यंत्रासमोर घोटविलेला फटका हा सामन्यातील फटक्याहून काहीसा निराळाच ठरतो. प्रौढ खेळाडूजवळ वाचनाचा साठा आधीच असतो; कुमाराचा तो अद्याप घडत असतो, म्हणून त्याच्या बाबतीत ही हानी अधिक.

तथापि यंत्र त्याज्य ठरत नाही. बेसबॉलमध्ये लहान मुलांना नेमका चेंडू फेकता येत नसल्यामुळे काही गटांत यंत्रच चेंडू फेकते. फलंदाजास मारण्याची आणि क्षेत्ररक्षकास धावण्याची संधी त्यामुळे मिळते. शिवाय वाढत्या वयातील खांद्यावर व कोपरावर येणारा ताण वाचतो. तो ताण ओळखूनच अमेरिकेतील लिटल लीगने २००७ पासून फेकींवर दैनिक मर्यादा घातली. एखाद्या फटक्यातील विशिष्ट दोष काढण्यासही यंत्र उपयुक्त आहे.

यावरून तिवश्याच्या क्रीडाशिक्षकास एक व्यवहार्य सूत्र मिळते. उजवे-डावे, उंच-ठेंगणे, जलद-फिरकी असे नाना तऱ्हेचे गोलंदाज हीच त्याची मोठी साधनसंपत्ती आहे. तिचा सराव सतत चालू ठेवावा, मात्र एकाच मुलाकडून तासन्‌तास गोलंदाजी करवू नये. एकाच फटक्याची पुनरावृत्ती हवी असेल तेव्हा शिक्षकाने जवळून, हात स्पष्ट दिसेल असा, चेंडू फेकावा. शाळेजवळ पैसा मोजकाच असेल, तर यंत्रापूर्वी चांगली खेळपट्टी, जाळी व शिरस्त्राणे यांवर तो खर्च करणे श्रेयस्कर. पुढे यंत्र आलेच, तर त्याने थकलेल्या गोलंदाजास विसावा द्यावा. त्याची जागा घेऊ नये.