घरातली जोखीम

 

जुनी माणसं दागिन्यांना आणि पैशाला ‘जोखीम’ म्हणायची, ते उगाच नाही. बाईचा डाग म्हणजे नुसता शृंगार नसतो. लेकराची फी, दवाखाना, भाताच्या लावणीची मजुरी, अडल्या वेळी तोच गहाण पडतो. म्हणून आज ही जोखीम कशी सांभाळायची ते बोलू या.

चोर बहुतेक वेळा आधी पाहून जातो. दाराला बाहेरून लावलेलं मोठं कुलूप, दोन दिवस दोरीवरच राहिलेले कपडे, संध्याकाळी न लागलेला दिवा, एवढ्यावरून घर रिकामं आहे हे त्याला कळतं. आपल्याकडे पावसाळ्यात भुशी धरणाला गर्दी उसळते, त्यामुळे अनोळखी गाडी कुणाच्या नजरेत भरत नाही. पत्र्यावर पाऊस कोसळत असला की कडी तुटल्याचा आवाजही दबतो. आणि चोर कुणालाच सोडत नाही. कार्ल्याच्या एकवीरा आईच्या मंदिराचा कळससुद्धा २०१७ च्या ऑक्टोबरात चोरीला गेला होता.

म्हणून गावाला किंवा वारीला जाताना शेजारणीला सांगून जा. तिने संध्याकाळी दिवा लावावा, कपडे काढावेत. आपण कुठे, किती दिवस चाललो हे मोबाईलवर जगाला दाखवू नका, फोटो परत आल्यावर टाका. कुलूप कितीही भारी असलं तरी कोयंदा कुजक्या चौकटीत बसवला असेल तर एका पहारीत निघतो. आधी चौकट आणि कोयंदा बघा. मागच्या दाराला आतून आडणा घाला.

तांदळाचा डबा, देवघर, गादीखाली, साड्यांची घडी, या जागा आपल्याला गुपित वाटतात. चोर आधी तिथंच हात घालतो. रोजचं मंगळसूत्र सोडून बाकीचे डाग बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेले बरे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे लॉकरमधली वस्तू चोरी, दरोडा, आग किंवा बँकेच्या नोकराच्या लबाडीमुळे गेली, तर बँकेवर वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाईची जबाबदारी येते. सोन्याची किंमत त्याहून जास्त असू शकते, हेही ध्यानात ठेवा.

गटाची रोकड कुणा एकीच्या ट्रंकेत रात्रभर ठेवू नका. बैठक संपली की त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या सकाळी बँकेत भरा. पैसे गेले तर चोरापेक्षा त्या बाईवरच बोटं उठतात. आपल्यातल्या कितीतरी जणी बंगल्यांची देखभाल करतात, त्यांनी किल्ल्यांना बंगल्याचं नाव लिहून खिळ्याला अडकवू नये. नुसता खुणेचा दोरा बांधावा.

आता बंदुकीचं. काही घरांत परवान्याची बंदूक असते. दागिना गेला तर आपलं नुकसान होतं, बंदूक गेली तर कुणाचा तरी जीव जाऊ शकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाला ती सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. ती रिकामी करून, भिंतीला पक्क्या बसवलेल्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवावी. काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली पोरांच्या हाती लागणार नाही अशी. घरात बंदूक आहे हे चारचौघांत मिरवू नये. परवानाधारक वारला तर ‘सासऱ्यांची आठवण’ म्हणून ती भिंतीवर राहू देऊ नका. विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या.

सगळ्यात मोलाचं काम फुकट होतं, ते म्हणजे नोंद. रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरचा सुवर्णगणेश २०१२ च्या मार्चमध्ये चोरीला गेला. दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला. चोरांनी मुखवटा वितळवला. चोर पकडले गेले, सोनं हाती लागलं, तरी नवा मुखवटा मंदिरात बसायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. वितळलेलं सोनं आपलं नाव सांगत नाही. म्हणून प्रत्येक डागाचा फोटो काढा, वजन लिहा, सोनाराची पावती जपा. एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा क्रमांक असतो, तोही उतरवून घ्या. बंदुकीचा आणि परवान्याचा क्रमांकही लिहा. ही वही घरात न ठेवता माहेरी किंवा विश्वासाच्या नातलगाकडे ठेवा.

इतकं करूनही चोरी झालीच, तर घर आवरायला घेऊ नका. कशालाही हात न लावता ११२ ला फोन करा. फिर्याद नोंदवल्यावर तिची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. आणि चोर घरात असतानाच जाग आली तर त्याला अडवायला जाऊ नका. दार लावून घ्या, ओरडा, शेजार जागा करा. डाग पुन्हा करता येतो, जीव नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एवढंच करून या: डागांची यादी आणि मागच्या दाराच्या कोयंद्याची तपासणी. कोयंदा बदलायचा असेल तर गटाने मिळून एकच मिस्त्री बोलवा, स्वस्तात पडेल.