खासदारांचा पगार ठरवतं कोण?

२४ मार्च २०२५. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा परीक्षेच्या गडबडीत असणार, त्यामुळे बातमी कदाचित नुसती स्क्रोल होऊन गेली असेल. त्या दिवशी संसदीय कामकाज मंत्रालयाची अधिसूचना आली आणि खासदारांचा महिन्याचा पगार १ लाखावरून १ लाख २४ हजार रुपये झाला. तोही १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे दोन वर्षांच्या फरकासकट. सभागृहात चर्चा नाही, मतदान नाही. ‘हे लोक स्वतःच स्वतःचा पगार वाढवून घेतात’ हे वाक्य त्या दिवशी कट्ट्यावर कुणीतरी टाकलंच असेल.

गंमत अशी, की या वेळी ते वाक्य अर्धंच खरं होतं. त्याआधीची साठेक वर्षं मात्र ते शब्दशः खरं होतं.

राज्यघटनेचं कलम १०६ सांगतं, की खासदारांचं वेतन आणि भत्ते संसद कायद्यानं ठरवेल. (आमदारांसाठी असंच कलम १९५ आहे.) आता संसद म्हणजे कोण, तर खासदारच! पण घाईनं हसू नका, कारण यामागे विचार आहे. खासदार हा सरकारचा नोकर नाही. त्याचा पगार सरकारनं, म्हणजे मंत्र्यांनी ठरवला असता, तर त्याच मंत्र्यांना तो अडचणीचे प्रश्न कसे विचारणार? म्हणून अधिकार संसदेकडे गेला. १९५४ मध्ये पगाराचा कायदा झाला. सुरुवात झाली महिना ४०० रुपयांपासून. पुढे वाढ हवी असली की कायद्यात दुरुस्ती करायची, विधेयक आणायचं, हात वर करायचे. २००१ मध्ये पगार १२ हजार झाला, २००६ मध्ये १६ हजार.

या पद्धतीचा सगळ्यात रंगलेला प्रयोग ऑगस्ट २०१० मधला. संसदेच्या समितीनं शिफारस केली ८०,००१ रुपयांची. वरचा तो एक रुपया कशाला? तर केंद्र सरकारच्या सचिवाचा पगार ८० हजार होता आणि राजशिष्टाचारात खासदाराचा क्रम सचिवाच्या वरचा! मंत्रिमंडळानं ५० हजारांना मंजुरी दिली. म्हणजे तिप्पट. तरी लोकसभेत गदारोळ झाला, कामकाज तहकूब झालं आणि लालूप्रसाद, मुलायमसिंह वगैरे मंडळींनी सभागृहातच ‘प्रतिसंसद’ भरवली. लालू तिचे पंतप्रधान! दोन-तीन दिवसांत सरकारनं भत्त्यांमध्ये आणखी १० हजारांची भर घातली आणि प्रश्न मिटला. डाव्या पक्षांनी वाढीला विरोध केला होता. पण एरवी एकमेकांच्या अंगावर जाणारे पक्ष इतक्या झटपट एकत्र आलेले क्वचितच बघायला मिळतात.

हे सगळं टीव्हीवर दिसायचं आणि त्याची लाज वाटायची. म्हणून २०१८ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी पद्धत बदलली. ज्यांना पगार मिळतो तेच तो ठरवतात, यावर टीका होते, हे त्यांनी भाषणात मान्य केलं. नवा नियम असा : १ एप्रिल २०१८ पासून पगार १ लाख आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी महागाईनुसार आपोआप वाढ. त्यासाठी प्राप्तिकर कायद्यातला ‘खर्च महागाई निर्देशांक’ वापरायचा. जुनं घर विकल्यावर नफ्याचा हिशेब करताना तुमच्या बाबांचा सीए वापरायचा, तोच हा आकडा.

मोबाइलवर करून बघा. २०१८-१९ चा निर्देशांक २८०, २०२३-२४ चा ३४८. १ लाख गुणिले ३४८, भागिले २८०. उत्तर येतं १ लाख २४ हजार २८६. झाला तुमचा २०२५ चा पगार! दिवसाचा भत्ता २ हजारांवरून अडीच हजार झाला, माजी खासदारांचं पेन्शन २५ हजारांवरून ३१ हजार. मतदारसंघ भत्ता आणि कार्यालयाचा खर्च यांचे नियम मात्र पंधरा खासदारांची संयुक्त समिती करते; दहा लोकसभेचे, पाच राज्यसभेचे. मंजुरी देतात दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष आणि सभापती. तेही त्याच वेळी वाढले : ७० हजारांचे ८७ हजार, ६० हजारांचे ७५ हजार.

म्हणजे सूत्र स्वच्छ आहे. फक्त एक विसरू नका. ज्या १ लाखाला ते लावलं, तो आकडा संसदेनंच ठरवलेला होता. आधी पगार दुप्पट करून घेतला, मग सूत्र लावलं.

इतर देशांचं काय? ब्रिटनमध्ये खर्चाचा घोटाळा बाहेर आल्यावर २००९ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं आणि पगार ठरवायचं काम पुढे त्याच्याकडेच गेलं. २०१५ मध्ये त्यानं पगार ६७ हजार पौंडांवरून ७४ हजारांवर नेला, तेव्हा खुद्द पंतप्रधान कॅमेरून यांचा विरोध होता. ऐकलं कुणी नाही.

अमेरिकेची गोष्ट मात्र खास तुमच्यासाठी. १७८९ मध्ये जेम्स मॅडिसन यांनी एक घटनादुरुस्ती सुचवली होती. काँग्रेसनं सदस्यांच्या पगारात बदल केला, तर मध्ये एक निवडणूक झाल्याशिवाय तो लागू होऊ नये. वाढवा खुशाल, पण आधी मतदारांना तोंड दाखवा! पुरेशा राज्यांनी मान्यता दिली नाही आणि ती पडून राहिली. १९८२ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन नावाच्या विद्यार्थ्यानं तिच्यावर असाइनमेंट लिहिली. मुदतच घातलेली नाही, त्यामुळे ती आजही मंजूर होऊ शकते, असं त्याचं म्हणणं. ग्रेड मिळाली ‘सी’. आपण काय केलं असतं? कँटीनमध्ये बसून मॅडमना नावं ठेवली असती. यानं राज्यांच्या विधिमंडळांना पत्रं लिहायला सुरुवात केली, ती थांबवलीच नाही. एकेक राज्य मान्यता देत गेलं आणि १९९२ मध्ये ती अमेरिकेची २७ वी घटनादुरुस्ती झाली. २०१७ मध्ये विद्यापीठानं त्याची ग्रेड बदलून ‘ए’ केली. तिथेही आपोआप वाढीचा कायदा आहे. पण मतदार काय म्हणतील या धाकानं काँग्रेस दर वर्षी ती वाढ स्वतःच रोखते. २००९ पासून पगार वर्षाला १ लाख ७४ हजार डॉलरवरच आहे.

आपल्याकडे मला १ लाख २४ हजार हा आकडा खटकत नाही. लोकप्रतिनिधींना पगारच नसेल, तर राजकारणात फक्त ज्यांच्या घरी पैसा आहे तेच जाणार. ब्रिटनमध्ये १९११ पर्यंत तसंच होतं, आणि चार्टिस्ट चळवळीनं त्याआधी सत्तर वर्षं खासदारांना पगार द्या अशी मागणी केली होती, ती कामगाराच्या पोराला तिथे जाता यावं म्हणूनच.

खटकतं ते वेगळंच. महागाई वाढली की आकडा आपोआप वाढला पाहिजे, हे तत्त्व संसदेला पटलं ना? मग नॉन-क्रिमीलेअरचा दाखला काढायला तुम्ही तहसीलला खेटे घालता, त्या मर्यादेचं काय? ती ८ लाखांची मर्यादा २०१७ ची. खासदारांच्या पगारवाढीची अधिसूचना निघाली तेव्हाही ती ८ लाखच होती. खासदारांचंच सूत्र लावा : २०१७-१८ चा निर्देशांक २७२, २०२५-२६ चा ३७६. मर्यादा ११ लाखांच्या वर जाते. मधल्या काळात ज्यांच्या घरचं उत्पन्न नुसतं महागाईबरोबर वाढलं, ते कागदोपत्री ‘क्रिमी’ झाले आणि त्यांची सवलत गेली. कदाचित तुमच्याच वर्गात असा कुणी असेल. आजीच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला केंद्राचा वाटा बघा : ६० ते ७९ वर्षांसाठी महिना २०० रुपये, २००७ पासून. त्या वर्षीचा निर्देशांक १२९. तेच गणित केलं तर ५८० च्या पुढे आकडा येतो. वरची भर राज्य घालतं म्हणून निभतं.

या दोन आकड्यांना सूत्र का नाही, हे विचारायला लालूंची प्रतिसंसद लागत नाही. खासदारांना लोकसभेत लेखी प्रश्न विचारता येतो आणि मंत्र्यांना त्याचं उत्तर द्यावं लागतं. तुमच्या खासदाराचा ई-मेल लोकसभेच्या वेबसाइटवर आहे. वॉटसनकडे तर टाइपरायटर होता.

खासदारांच्या पगाराची पुढची आपोआप वाढ १ एप्रिल २०२८ ला आहे. लोकसभेची निवडणूक त्यानंतर वर्षभरानं.