अनवाणी चालणारा कृत्रिम पाय

हा लेख वाचण्यापूर्वी एक लहानसा प्रयोग करा. अनवाणी उभे राहा आणि सावकाश उकिडवे बसा. बसताना घोट्याकडे लक्ष द्या. नडगी पुढे झुकते आणि घोटा वाकतो, म्हणून तोल सांभाळला जातो. आता मित्राचा हात धरून, घोटा मुळीच न वाकवता तसेच बसून पाहा. शरीराचा भार मागे जातो आणि माणूस कोलमडू लागतो!

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यापुढे १९६० नंतरच्या दशकात हाच प्रश्न उभा होता. पाय गमावलेल्या रुग्णांना त्या वेळी पाश्चात्त्य पद्धतीचा कृत्रिम पाय मिळे. त्याच्या आत लाकडाचा ताठ गाभा असे आणि टाचेत मऊ रबर. बूट घालून सपाट रस्त्यावर चालणाऱ्याला आणि खुर्चीवर बसणाऱ्याला तो उत्तम होता. पण अनेक रुग्ण काही दिवसांत तो पाय कोपऱ्यात टाकून पुन्हा कुबड्या घेत. असे का व्हावे?

उत्तर रुग्णांच्या रोजच्या जगण्यात होते. घरात जेवायला मांडी घालून बसायचे, शौचाला उकिडवे बसायचे, देवळात अनवाणी जायचे, शेतात उंचसखल जमिनीवर आणि चिखलात काम करायचे. यांतले एकही काम त्या ताठ पायाने नीट होत नव्हते. शिवाय त्याला बूट हवाच. दोष रुग्णांच्या आळसाचा नव्हता. पाय दुसऱ्याच राहणीसाठी घडवलेला होता.

येथे एका कलावंताचा हात उपयोगी पडला. त्याच रुग्णालयात रुग्णांना हस्तकला शिकवणारे रामचंद्र शर्मा यांचे शालेय शिक्षण अगदी थोडे होते. पण मूर्ती घडवणाऱ्याची नजर त्यांच्याकडे होती. ‘मास्टरजी’ म्हणून सारे त्यांना ओळखत. खऱ्या पावलासारखा दिसणारा पाय त्यांनी रबरातून घडवायचे ठरवले. सायकलचे पंक्चर काढायला थांबले असताना जुन्या टायरवर रबराचा नवा थर चढवण्याचे काम त्यांनी पाहिले आणि त्यातून त्यांना युक्ती सुचली, असे सांगतात.

या कामामागचे शास्त्र सोपे आहे. कच्चे रबर उष्णतेत चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. त्यात गंधक मिसळून ते तापवले, की रबराच्या लांबलचक रेणुसाखळ्या एकमेकींना ठिकठिकाणी जोडल्या जातात. असे रबर ताणले तरी पुन्हा मूळ आकारात येते. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात.

डॉक्टर आणि मास्टरजी यांनी लाकूड फक्त घोट्यापाशी ठेवले. टाच आणि चवडा यांसाठी स्पंजासारख्या हलक्या रबराचे ठोकळे घेतले. त्यांवर टायरच्या दोरेयुक्त रबराचे मजबूत वेष्टण आणि सर्वांत बाहेर कातडीच्या रंगाचे रबर गुंडाळले. हे सारे पावलाच्या आकाराच्या धातूच्या साच्यात घालून तापवले, की एकजीव पाऊल तयार! चवड्यात ताठ लाकूड नसल्यामुळे पाऊल वर वळते आणि दोन्ही बाजूंना कलते. म्हणून उकिडवे बसता येते, बांधावरूनही चालता येते. शिवाय ते पाण्याने खराब होत नाही, आणि बुटाची गरज उरत नाही.

१९६८ च्या सुमारास हा ‘जयपूर फूट’ साकार झाला. १९७५ साली जयपूरला स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो मोफत बसवण्यास प्रारंभ केला आणि देशोदेशींच्या गरजूंपर्यंत पोहोचवला. नडगीचा भाग पूर्वी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा करीत. पुढे त्यासाठी प्लॅस्टिकचे पाइप वापरात आले. १९८१ साली डॉ. सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अपघातात पाय गमावलेल्या मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन १९८४ साली हाच पाय लावून रंगमंचावर पुन्हा नाचल्या!

डॉक्टरांना हाडे व सांधे ठाऊक होते, मास्टरजींना आकार आणि साचे. पण काय हवे आहे हे ठाऊक होते फक्त रुग्णांना. तुमच्या शाळेतला नळ, जिना, फळा एकदा नीट पाहा. तो कुणाला वापरता येत नाही? उपाय शोधण्याआधी त्यालाच जाऊन विचारा.