पहारेकऱ्याचा पगार कोणी द्यावा?

लोकप्रतिनिधींच्या नीतिमत्तेविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा माणसांविषयी बोलतो. अमका भ्रष्ट, तमका स्वच्छ. राज्यशास्त्र शिकवताना मला प्रश्न वेगळा दिसतो : त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या समितीच्या हाती काय आहे आणि तिचा खर्च कोण मंजूर करतो?

राज्यसभेत नीतिमत्ता समिती १९९७ साली आली. लोकसभेत ती २००० साली आली व २०१५ साली कायम झाली. तिचे सभासद खासदार, कर्मचारी सभागृहाच्या सचिवालयाचे. खर्च भागतो तो सचिवालयाच्या तरतुदीतून, आणि ती तरतूद मंजूर करतात पुन्हा खासदारच.

महालेखापरीक्षकाची गोष्ट निराळी आहे. बाबासाहेबांनी १९४९ साली घटना समितीत त्याला घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते. त्याच्या कार्यालयाचा प्रशासकीय खर्च १४८व्या कलमाने एकत्रित निधीवर भारित केला आहे. त्यावर संसदेत चर्चा होते, मतदान होत नाही. ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याच मर्जीवर तपासनिसाची भाकरी असू नये, एवढाच त्याचा अर्थ.

नीतिमत्ता समितीला हे संरक्षण नाही, स्वतःचे तपास अधिकारीही नाहीत. याचा परिणाम पाहा. २००५ साली प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. ते प्रकरण उघडकीस आणले पत्रकारांनी, छुपे कॅमेरे वापरून. २०२३ साली लोकसभेच्या समितीने महुआ मोईत्रा यांच्या हकालपट्टीची शिफारस केली. पैसे घेतल्याचा आरोप त्यांनी नाकारला होता. त्या पैशांच्या व्यवहाराचा तपास मात्र सरकारने करावा, असे त्याच अहवालात म्हटले होते. म्हणजे शिक्षा आधी, तपास नंतर. आणि विरोधी बाकावरील सभासदाचा तपास सरकारच्या हाती.

हा प्रश्न आपला का आहे? लोकसभेत बाहेरच्या माणसाला तक्रार करायची तर ती प्रतिज्ञापत्रासह आणि एखाद्या खासदारामार्फतच द्यावी लागते. पुरावा त्यानेच गोळा करायचा. ज्याच्यापाशी वकील नाही, ओळख नाही, त्या गावकुसाबाहेरच्या माणसाला हे दार बंदच आहे. आणि उद्या राखीव जागेवरून आलेला एखादा सभासद पक्षाला न रुचणारे बोलला व त्याच्यावर आरोप आला, तर निःपक्ष तपासाची सर्वांत अधिक गरज त्यालाच भासेल.

ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात १९९५पासून खासदार नसलेला आयुक्त प्राथमिक चौकशी करतो. आपणही असा अधिकारी नेमावा, त्याला पुरेसे कर्मचारी द्यावेत आणि त्याचा खर्च महालेखापरीक्षकाप्रमाणे भारित करावा. अंतिम निर्णय सभागृहाकडेच राहील. सांविधानिक नीती आपोआप उगवत नाही, ती रुजवावी लागते, असे बाबासाहेबांनी १९४८ सालीच बजावले होते. त्यासाठी लागणारा खर्च आपल्याच करातून होणार आहे. तो मागण्याचा अधिकारही आपलाच आहे.