गिटारवाला रेमो आणि आपली गाणी

वरातीत ‘हम्मा हम्मा’ लागलं की पोरांचे पाय थांबत नाहीत. १९९५ च्या ‘बॉम्बे’ सिनेमातलं हे गाणं हिंदीत गायलं गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांनी. पण चाल ए. आर. रहमान यांची, शब्द मेहबूब यांचे. म्हणजे ज्या गाण्यानं रेमो आपल्यापर्यंत पोचले, ते गाणं त्यांनी रचलेलं नाही. त्यांनी रचलेली गाणी वेगळीच.

रेमो बार्देश तालुक्यातल्या शिवोलीचे, जन्म १९५३ चा. शाळेतच त्यांनी गिटार घेऊन बँड काढला. ती रॉकची गाणी, म्हणजे विजेवरची गिटार, ड्रम आणि दणदणीत आवाज. शब्द इंग्रजी, त्यामुळे ऐकणारे मोजकेच.

१९८४ साली त्यांनी ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट घरातच तयार केली. त्यांच्याकडं चार ट्रॅकचा टेपरेकॉर्डर होता. एका ट्रॅकवर गिटार भरायची, ती ऐकत दुसऱ्यावर दुसरं वाद्य, मग गळा. आपण वाकळ शिवताना थरावर थर घालतो ना, तसंच. एकटा माणूस, पण ऐकताना अख्खा बँड वाटतो. कव्हरचं चित्र त्यांनीच काढलं आणि पिवळ्या स्कूटरवरून कॅसेटी दुकानोदुकानी पोचवल्या. पापड लाटणारी, पाकिटं भरणारी आणि बाजारात बसणारी एकच बाई असावी, असं ते काम. दमछाक होते, पण मालावर नाव आपलंच राहतं.

पुढं १९८६ मध्ये ‘पॅक दॅट स्मॅक’ आलं, गर्दच्या व्यसनाविरुद्धचं. सिनेमातही ते गायले आणि १९९८ मध्ये त्यांचा स्वतःचा हिंदी अल्बम आला, ‘ओ मेरी मुन्नी’. नाचाच्या गाण्याला हलगीसारखा न तुटणारा ठेका लागतो आणि कुणालाही लगेच म्हणता येईल अशी एखादी ओळ. रॉकवाल्यानं नाचगाणी करावीत का, असं काहीजण नाक मुरडतात. आम्हाला ते पटत नाही. गिऱ्हाईक ओळखून माल बदलणं आपणही करतोच की!

खरा प्रश्न पैशाचा आहे. पूर्वी गीतकार-संगीतकार एकदाच पैसे घेऊन सगळे हक्क देऊन टाकायचे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. आता सिनेमाचं गाणं रेडिओ-टीव्हीवर वाजलं, तर रॉयल्टीतला त्यांचा वाटा करारात लिहूनही काढून घेता येत नाही.

आपल्याकडं जात्यावरच्या जुन्या ओव्या सगळ्यांच्या. पण हळदीला, मेळाव्याला तुम्ही स्वतः नवं गाणं रचता आणि कुणीतरी ते मोबाइलवर भरून नेतं. ते गाणं तुमचं आहे. कायद्यानं हक्क गाणं लिहिल्याबरोबर मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. म्हणून गटाच्या वहीत एक पान गाण्यांसाठी ठेवा. पूर्ण गाणं लिहा, रचणारीचं नाव घाला, तारीख टाका, खाली दोघींच्या सह्या घ्या.