चेन किती ढिली असावी? घरच्या घरी मोजायची आणि ओढून घ्यायची रीत

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी मोटरसायकल आहे. दूध डेअरीला, माल बाजाराला, पोरं शाळेला, सगळं तिच्यावरच. पण चेनकडे आपण कधी बघतो? उतरली की मगच.

माझंच सांगते. मागच्या पावसाळ्यात समूहाचा हप्ता भरायला निघाले होते. पंधरा दिवस मागून खडखड आवाज येत होता, म्हटलं गाडी जुनी झाली. चढावर गियर बदलला आणि चेन उतरून कव्हरात अडकली. गाडी ढकलत तालुक्याला पोचेपर्यंत बँकेची वेळ संपली. हप्ता एक दिवस लांबला. घरी येऊन आम्ही चेन मस्त ताणून बसवली, जरासुद्धा हलू नये अशी. महिन्याभरात मागच्या चाकाचं बेरिंग गेलं! तेव्हा मेकॅनिकने समजावलं की चेनला ढील लागतेच.

ढील कशाला लागते?

कपडे वाळत घालायची दोरी आठवा. फार सैल बांधली तर ओले कपडे जमिनीला टेकतात. फार ताणली तर कपड्यांच्या भाराने खिळाच उपटतो. चेनचंही तसंच. गाडीवर दोघं बसले, दुधाचे कॅन लावले, खड्डा आला, की मागचे शॉकअप दबतात आणि चेन आणखी ताणली जाते. तेवढी जागा आधीच ठेवली नाही तर सगळा ओढा बेरिंगवर आणि चाकांच्या दात्यांवर येतो.

मोजायचं कसं?

गाडी बंद करा, किल्ली काढून घ्या. सपाट जागी मेन स्टँडवर लावा, गियर न्यूट्रलमध्ये. पुढच्या आणि मागच्या दातेरी चाकांच्या बरोबर मध्ये, खालच्या बाजूच्या चेनजवळ शिवणाची टेप किंवा पोरांची फूटपट्टी धरा. चेन बोटाने खाली ओढा, मग वर ढकला. खालपासून वरपर्यंत जेवढी हलली, ती तिची ढील. पूर्ण कव्हर असलेल्या गाडीला खाली रबरी बूच असतं, ते काढून त्या भोकातून बघता येतं.

शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर, म्हणजे साधारण एक इंच ढील चालते. पण गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात दिलेलं माप हेच खरं.

एकाच जागी मोजून थांबू नका. चाक हाताने थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात जास्त ताठ लागते, तिथलंच माप धरा.

ओढून कशी घ्यायची?

1. मागच्या चाकाचा मेन नट पान्याने ढिला करा, पूर्ण काढू नका. नटात पिन असेल तर ती आधी काढा. काही गाड्यांना चेनच्या बाजूला आत आणखी एक मोठा नट असतो, तोही ढिला करा.
2. चाकाच्या दोन्ही बाजूंना चेन ॲडजस्टर असतात. लॉकनट असेल तर तो आधी सोडा. मग दोन्ही ॲडजस्टरचे नट थोडे थोडे, सारखेच फिरवा. पाव-अर्धा फेरा पुरे. चाक मागे सरकतं आणि चेन ताणली जाते.
3. दोन्ही बाजूंच्या खुणा बघा. डावीकडे जितव्या रेषेवर, उजवीकडेही तितव्याच रेषेवर हवं. नाहीतर चाक तिरपं बसतं, गाडी एका बाजूला ओढते.
4. ढील पुन्हा मोजा. बरोबर आली की सगळे नट घट्ट आवळा, पिन परत लावा. आवळल्यावर माप थोडं बदलतं, म्हणून शेवटी एकदा परत बघा.
5. चाक मागे गेलं की ड्रम ब्रेक आवळला जातो. चाक मोकळं फिरतं का आणि ब्रेक नीट लागतो का, बघा. गरज पडल्यास ब्रेकच्या दांड्याचा नट फिरवून जुळवा.

मेन नट नीट आवळला की नाही याची शंका वाटली, तर हळू चालवत जवळच्या मेकॅनिककडे जाऊन तेवढा तपासून घ्या. त्यात कमीपणा नाही.

हे मात्र करू नका

इंजिन चालू ठेवून चेनला हात किंवा फडकं लावू नका. बोटं क्षणात आत ओढली जातात. काम करताना पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, लेकरांना लांब ठेवा. चेन पेट्रोलने धुऊ नका.

ॲडजस्टर शेवटच्या खुणेपर्यंत गेला, दात्यांची टोकं वाकडी आणि अणकुचीदार झाली, तर चेन ओढून उपयोग नाही. चेन आणि दोन्ही दातेरी चाकं असा सेट एकत्रच बदला. जुन्या दात्यांवर नवी चेन लवकर खराब होते.

दर पाचशे किलोमीटरला ढील बघा, चेन पुसून तेल द्या. पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्याने जात असाल तर त्याहून लवकर. दहा मिनिटांचं काम आहे. या महिन्याच्या बैठकीला येताना टेप घेऊन या. अंगणात ज्यांच्या गाड्या उभ्या असतील, त्यांच्या चेन सगळ्या मिळून मोजू.